मंत्रचळाचें चित्र

मंत्रचळ हा शब्द आपल्या घरांतून फार सहजपणें वापरला जातो. कुलूप लावून पायऱ्या उतरलेला मनुष्य पुन्हां वर जाऊन कुलूप ओढून पाहूं लागला, किंवा एखादी बाई धुतलेली घागर तिसऱ्यांदां विसळूं लागली, कीं ‘मंत्रचळ लागला आहे’ असें म्हणून आपण हंसतों आणि आपापल्या कामास लागतों. ज्याला आपण हंसतों त्याच्या मनांत त्या क्षणीं काय चाललेलें असतें, हा प्रश्न आपणांस बहुधा पडत नाहीं. आम्हांसही तो पुष्कळ वर्षें पडला नव्हता. तो पडला एक भित्तिपत्रक तयार करण्याच्या निमित्तानें. आणि त्या कामांत आमच्या ज्या ज्या समजुती पुसाव्या लागल्या त्यांची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ता. १० ऑक्टोबर हा दिवस १९९२ पासून जगभर मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळण्यांत येतो. त्या दिवसासाठीं आमच्या गांवच्या वाचनालयांत कांहीं तक्ते लावावे असें चालकांनीं ठरविलें, व त्यांपैकीं मंत्रचळावरील तक्ता आमच्याकडे आला. मजकूर आम्हीं लिहावा, चित्रें उपयोजित कलेचें शिक्षण घेत असलेल्या आमच्या नातीनें काढावीं, आणि दोहोंची तपासणी एका मानसरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनीं करावी, अशी वांटणी झाली. शब्दांपेक्षां चित्रांनीं व आंकड्यांनीं माहिती सांगणारें जें पत्रक, त्यास हल्लीं इन्फोग्राफिक म्हणतात. आम्ही त्यास माहितीचित्र म्हणूं. जन्मभर वर्गांत तक्ते टांगीत आलेल्या आम्हांस हें काम चार दिवसांचें वाटलें. त्यास सात आठवडे लागले.

पहिला मसुदा नातीनें मोठ्या उत्साहानें तयार केला. मध्यभागीं नळाखालीं धरलेले दोन हात व साबणाचा फेंस, कडेनें उंचीच्या क्रमानें लावलेल्या रंगीत पेन्सिली, आणि वर आम्हीं सुचविलेलें शीर्षक, ‘स्वच्छतेचा अतिरेक’. चित्र सुरेख होतें. डॉक्टरबाईंनीं तें बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, “गुरुजी, यांत रोगी कोठें आहे?”

आम्हीं हातांकडे बोट दाखविलें. त्या म्हणाल्या, “हें पाहून मनुष्य म्हणेल कीं एक चांगला गुण जरा जास्त झाला, एवढेंच. शिवाय माझ्याकडे येणाऱ्यांपैकीं कित्येकांचा पाण्याशीं आणि साबणाशीं कांहींएक संबंध नसतो. ते हें चित्र पाहून समजतील कीं आपल्याला जें झालें आहे तें हें नव्हे, आणि तसेच घरीं परत जातील.”

हें बोलणें आम्हांस लागलें, आणि त्यास कारणही होतें. आमच्या शिक्षकीच्या दिवसांत आठवींत एक विद्यार्थी होता. त्याचें अक्षर मोत्यांसारखें असे. त्याची वही आम्हीं वर्गांत फिरवून ‘अशी वही ठेवावी’ असें सर्वांस सांगितलें होतें. तो एक ओळ लिही, खोडी, पुन्हां लिही, पुन्हां खोडी. कित्येक पानें खोडरबरानें घांसून फाटलेलीं असत. वार्षिक परीक्षेंत तीन तासांत त्याचे दोनच प्रश्न लिहून झाले. तेव्हां ‘आळशी’ म्हणून आम्हींच त्यास सर्वांसमक्ष बोल लावला. पुढल्या वर्षीं त्यानें शाळा सोडली. ज्याची आम्हीं प्रथम स्तुति केली आणि मागाहून निंदा केली, तें एकच होतें, हें आम्हांस डॉक्टरबाईंचे शब्द ऐकेपर्यंत कळलें नव्हतें. आम्हांस अक्षर दिसलें होतें. पान कां फाटलें तें दिसलें नव्हतें. आमचा पहिला मसुदाही त्याच चुकीची दुसरी आवृत्ति होता.

मग हा रोग आहे तरी काय? वैद्यकांत त्यास ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसॉर्डर, संक्षेपानें ओसीडी, म्हणतात. नांवांत दोन शब्द आहेत आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत. ऑब्सेशन म्हणजे नको असतांना, मनाविरुद्ध, पुनःपुन्हां घुसणारा विचार, शंका किंवा चित्र. आणि कम्पल्शन म्हणजे त्या विचारानें उठलेली धास्ती शमविण्यासाठीं करावीच लागणारी कृति. ही कृति हात धुण्याची असेल, कुलूप तपासण्याची असेल, वस्तु विशिष्ट रीतीनें मांडण्याची असेल. किंवा बाहेरून मुळींच न दिसणारी, मनांतल्या मनांत आंकडे मोजण्याची अथवा एकच प्रार्थना ‘बरोबर’ म्हटली जाईपर्यंत म्हणण्याची असेल. आपण हंसतों तें या दुसऱ्या अर्ध्या भागाला. पहिला अर्धा भाग आपणांस दिसतच नाहीं, आणि रोगाचें मूळ तर त्यांतच आहे. पॅरिसमधील लेग्रां द्यू सोल या वैद्यानें १८७५ सालीं या विकारावर ग्रंथ लिहिला, तेव्हां त्यानें त्याचें नांवच ‘संशयाचें वेड’ असें ठेविलें होतें. स्पर्शाची भीति त्या नांवांत पुढें जोडलेली होती. मुख्य शब्द संशय हाच.

येथें आमच्या वाचकांपैकीं वडीलधाऱ्या मंडळींच्या मनांत एक प्रश्न येईल, व तो आमच्याही मनांत आला होता: ‘मग आमचें सोवळें हाही रोगच काय?’ याचें उत्तर ‘नव्हे’ असें आहे, आणि तें शास्त्राधारें देतां येतें. आपल्या धर्मशास्त्रानें शुद्धीस सर्वत्र सीमा घातली आहे. आचमन तीनदां, शौचास मृत्तिका किती वेळां लावावी याचीही संख्या मोजून दिली आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत तर असें सांगितलें आहे कीं, जें विटाळलेलें दिसलें नाहीं तें, जें पाण्यानें धुतलें तें, आणि जें शुद्ध असें वाणीनें म्हटलें गेलें तें, हीं तिन्ही पवित्र समजावीं. म्हणजे शास्त्रकारांनीं संशयाचें दार मुद्दाम लावून घेतलें आहे. सोवळें पाळणारी बाई स्नान करून स्वयंपाकास लागते. तिचें समाधान झालेलें असतें. मंत्रचळ लागलेल्या बाईचें तिसऱ्या स्नानानेंही समाधान होत नाहीं, आणि आपला संशय वायफळ आहे हें बहुधा तिला स्वतःला आपल्याहून अधिक चांगलें ठाऊक असतें. हा भेद आम्हीं तक्त्यावर एका ओळींत मांडला: ‘आवड असेल तर समाधान होतें, रोग असेल तर होत नाहीं.’ त्याखालीं वैद्यकाची एक स्थूल खूण दिली, ती ही कीं, असे विचार व कृति दिवसाचा तासाहून अधिक वेळ खाऊं लागल्या, किंवा त्यांपायीं शिक्षण, नोकरी वा संसार अडूं लागला, म्हणजे तपासून घ्यावें.

आतां चित्रांकडे वळूं. प्रथम आंकड्यांचें चित्र घेऊं, कारण ‘हें आमच्याकडे कोणाला नाहीं’ हा पहिला आक्षेप असतो. बंगळूर येथील निम्हान्स या संस्थेनें २०१५-१६ सालीं १२ राज्यांत मानसिक आरोग्याची राष्ट्रीय पाहणी केली. तींत प्रौढांपैकीं सुमारें ०.८ टक्के लोकांस हा विकार असल्याचें आढळलें. शेंकड्यास पाऊण हा आंकडा वाचून कोणाच्याही डोळ्यांपुढें कांहींच उभें राहत नाहीं. पण त्याचाच अर्थ १२५ माणसांमागें एक, असा होतो. आपल्याकडील बेताच्या लग्नांतही पंगतीला अडीचशें पानें सहज उठतात. तर सरासरीनें त्यांतलीं दोन पानें या माणसांचीं.

आमचा विचार असा होता कीं, एक मोठी आकृति काढून तिच्याजवळ लहान आकृति काढावी. नातीनें तो हाणून पाडला. १९२५ सालीं व्हिएन्ना येथें ओटो नॉयराट यानें समाज व अर्थव्यवहार यांची माहिती देणारें एक संग्रहालय काढलें, व तेथें जी चित्रपद्धति सिद्ध झाली ती पुढें आयसोटाइप या नांवानें प्रसिद्ध झाली. तिचा पहिला नियमच असा कीं, संख्या मोठी दाखवावयाची तर आकृति मोठी करूं नये, आकृति अधिक काढाव्या. कारण उघड आहे. आकृतीची उंची दुप्पट केली कीं रुंदीही दुप्पट होते, आणि ती चौपट जागा व्यापते. दुपटीचा आंकडा डोळ्यांस चौपट दिसतो. आमच्या शाळेंतील कित्येक तक्ते या दोषानें भरलेले होते, हें आम्हांस कबूल केलें पाहिजे.

तेव्हां २५ आकृतींच्या पांच रांगा, अशा १२५ सारख्या आकृति काढल्या, व त्यांतील एक भरीव रंगानें रंगविली. प्रथम ती कोंपऱ्यांत, जराशी अलग ठेवली होती. नात स्वतःच म्हणाली, “आजोबा, ही वाळींत टाकल्यासारखी दिसते.” मग तिनें ती तिसऱ्या रांगेच्या मधोमध नेली, उभें राहण्याची ढब इतरांसारखीच ठेवली. लाल व हिरवा हा भेद पुष्कळ पुरुषांच्या डोळ्यांस कळत नाहीं, म्हणून नुसत्या रंगावर न विसंबतां बाकीच्या आकृति पोकळ रेषांच्या ठेवल्या. खालीं बारीक अक्षरांत पाहणीचें साल लिहिलें, ती प्रौढांची होती हें लिहिलें, आणि त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता हेंही लिहिलें. मंडळींपैकीं एकानें विचारलें कीं, ही शेवटची कबुली कशाला? आम्हीं म्हटलें, आंकडा जेथला आहे तेथलाच सांगावा; भिंतीवर लिहिलेलें खोटें फार काळ टिकतें.

याच सुमारास काय काढावयाचें नाहीं, तेंही ठरलें. दोन्ही हातांत डोकें धरून अंधारांत बसलेली स्त्री नको, कारण तशा चित्रांत दुःख दिसतें पण रोग कळत नाहीं. मेंदूंत फिरणारीं दांतेरी चाकें नकोत, सांखळदंड नकोत, आणि ‘वेड’ हा शब्द नको. तसेंच हल्लींचे कांहीं तरुण नीटनेटकेपणाची प्रौढी मिरविण्यासाठीं ‘मला जरा ओसीडी आहे’ असें म्हणतात, त्या विनोदाचा मासलाही नको.

तक्त्याचा मुख्य भाग म्हणजे चक्र. ज्या जागीं पूर्वीं हात व साबण होता तेथें आतां चार टप्प्यांचें एक वर्तुळ आलें: नकोसा विचार, त्यामागून धास्ती, धास्ती शमविण्यासाठीं कृति, आणि कृतीनंतर क्षणभर सुटका. सुटकेपासून पुन्हां विचाराकडे जाणारा बाण इतर बाणांहून जाड काढला, कारण सगळी मेख तेथेंच आहे. कृतीनें धास्ती शमते, म्हणून मन शिकतें कीं कृति केली म्हणूनच अनर्थ टळला. आणि पुढच्या वेळीं तें अधिक लौकर व अधिक जोरानें कृतीची मागणी करतें. नायट्याला खाजविल्यानें बरें वाटतें, पण नायटा त्यानें बरा होत नाहीं, चिघळतो. तसाच हा प्रकार आहे.

हें चक्र समजावून घेतांना आम्हांस आमच्या मोठ्या काकूंची आठवण झाली. आमच्या लहानपणीं त्या रोज रात्रीं ‘मागल्या दाराची कडी लावली ना रे?’ असें विचारीत. ‘हो काकू, लावली’ असें आम्ही सांगत असूं. पांच मिनिटांनीं तोच प्रश्न, तेंच उत्तर. घरांत आम्ही सात भावंडें. प्रत्येकास त्या दोनतीनदां विचारीत, आणि प्रत्येक जण प्रेमानें, क्वचित् वैतागानें, तेंच सांगे. कोणी दिवा घेऊन कडी दाखवूनही आणी. काकू झोंपत त्या मध्यरात्रीनंतर. आम्हांस वाटे कीं आपण त्यांची भीति घालवीत आहों. प्रत्यक्षांत आमचें प्रत्येक ‘हो’ ही त्या चक्रांतील एक कृतिच होती. फरक इतकाच कीं ती काकूंच्या ऐवजीं आम्ही करीत होतों. जेथें पांच माणसांच्या ऐवजीं पंधरा माणसें असतात, अशा एकत्र कुटुंबांत या चक्रास हातभार लावणारे हातही अधिक असतात. म्हणून चक्रांतील कृतीच्या टप्प्याशीं नातीनें लहान लहान माणसें काढलीं: एक सांगतें आहे ‘हो, बंद आहे’, एक दुसऱ्यांदां धुण्यासाठीं पाणी तापवून देत आहे, एक पाहुण्यांना दारांतूनच परत पाठवीत आहे. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर माया आहे. घर चक्राच्या बाहेर उभें नाहीं, आंत आहे, हें आमच्या तक्त्याचें मुख्य सांगणें झालें.

पण दाखविलेलें चक्र तोडावयाचें कसें, हें न सांगणें म्हणजे घाबरवून सोडून देणें होय. लंडन येथें व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञानें १९६६ सालीं दोन रोग्यांवर केलेल्या उपचाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ज्या गोष्टीची धास्ती वाटते तिच्याशीं रोग्याचा संबंध येऊं द्यावयाचा, पण त्यानंतरची कृति मात्र करूं द्यावयाची नाहीं, असें त्याचें स्वरूप होतें. कृति न करतांही धास्ती सहन होते व अनर्थ घडत नाहीं, हा अनुभव मनास पुनःपुन्हां मिळाला कीं संशयाची पकड ढिली होते. आज ही पद्धति बरीच सुधारली असून या विकारावर बोलून करावयाच्या उपचारांत ती प्रमुख समजली जाते. ती पायरीपायरीनें, रोग्याच्या संमतीनें, शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखालीं करावयाची असते. दांडगाईनें नळ बंद करणें, मुद्दाम उष्टा हात लावणें, हा उपचार नव्हे. तो छळ आहे. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारखीं औषधेंही पुष्कळांस उपयोगी पडतात. परंतु त्यांचा गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागूं शकतात, आणि पंधरा दिवसांत कांहीं होत नाहीं म्हणून तीं सोडून देणें ही मोठी चूक होय. हें सर्व आम्हीं चक्रावर एका जागीं, कृतीच्या बाणावर तुटलेली रेघ काढून, चार ओळींत लिहिलें.

इतकें झाल्यावर डॉक्टरबाईंनीं एक ओळ घालण्यास सांगितलें, आणि येथें खरी अडचण आली. त्या म्हणाल्या, “पुष्कळांच्या बाबतींत तो नकोसा विचार धुण्याचा किंवा कुलपाचा नसतो. देवापुढें बसलें कीं मनांत अभद्र शब्द येतात. बाळंतिणीला मूल कुशींत घेतांच त्याला आपल्या हातून इजा होईल असें चित्र दिसतें. हे लोक कोणाजवळ बोलत नाहींत. हा तक्ता मुख्यतः त्यांच्यासाठींच आहे.”

वाचनालयाच्या चालकांस हें रुचलें नाहीं. भिंतीवर लहान मुलें वाचतील, बायामाणसें वाचतील, असें त्यांचें म्हणणें पडलें. खरें सांगावयाचें तर आम्हीही प्रथम त्यांच्याच बाजूचे होतों. देव आणि अभद्र हे शब्द एका ओळींत लिहावयास आमचा हात वळेना. दोन दिवस आम्हीं ती ओळ निरनिराळ्या तऱ्हेनें सौम्य करून पाहिली. ‘कांहीं अप्रिय विचार’ असें लिहून पाहिलें. मग डॉक्टरबाईंनीं आम्हांस एकच प्रश्न विचारला: “गुरुजी, ज्याची देवावर भक्ति नाहीं त्याला अशा शब्दांची धास्ती कां वाटेल?”

त्या प्रश्नानें आमचें डोकें खाडकन् उघडलें. हा रोग मनुष्याला जें सर्वांत प्रिय असतें त्यालाच धरतो. भाविकाला देवाविषयीं, आईला मुलाविषयीं, प्रामाणिक मनुष्याला हिशेबाविषयीं. विचाराची किळस येते ती माणूस दुष्ट आहे म्हणून नव्हे, उलट तो तसा नाहीं म्हणून. पण ज्याला हें कोणी सांगितलेलें नसतें तो स्वतःला पापी समजून वर्षानुवर्षें गप्प राहतो, उपासतापास करतो, आणि उपचारापर्यंत पोंचण्यास कित्येकांचीं अनेक वर्षें जातात. ती लाज मोडणें हेंच जर भित्तिपत्रकाचें काम, तर लाजेनें तीच ओळ गाळणें म्हणजे दिवा विझवून वाट दाखविणें होय. आम्हीं चालकांस हें सांगितलें, आणि त्यांच्यांतील सर्वांत वृद्ध गृहस्थांनीं, बराच वेळ विचार करून, ‘लिहा’ म्हणून सांगितलें. ओळ अशी झाली: ‘देवापुढें अभद्र शब्द मनांत येणें, बाळाला आपल्या हातून इजा होईल असें चित्र दिसणें, हेही या रोगाचे प्रकार आहेत. असा नकोसा विचार येणें म्हणजे तसें करण्याची इच्छा नव्हे.’ डॉक्टरबाईंच्या सूचनेवरून त्याखालीं एक इशारा जोडला: बाळंतिणीला कानांत आवाज ऐकूं येऊं लागले, ती झोंपेनाशी झाली, किंवा भलत्याच गोष्टी खऱ्या मानूं लागली, तर तो विकार निराळा असून त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें.

छापण्यापूर्वीं तक्ता कांहीं माणसांस दाखवावा, हा नातीचा आग्रह. ‘आवडला का?’ असें विचारावयाचें नाहीं, कारण आपल्याकडे सर्व जण ‘छान आहे’ म्हणतात. तर ‘हें वाचून तुम्ही घरीं काय कराल?’ असें विचारावयाचें, असा तिचा नियम. शेजारच्या एका गृहस्थांनीं चक्र वाचून उत्तर दिलें, “उद्यांपासून आमच्या वहिनींच्या एकाही प्रश्नाला उत्तर द्यावयाचें नाहीं.” आम्ही हबकलों. तक्ता बरोबर होता आणि त्यांतून निघालेलें वर्तन क्रूर होतें. मग चक्रातल्या माणसांखालीं आणखी एक ओळ आली: ‘एकदम हात आंखडूं नका. तिच्याशीं बोला, कोणती मदत हळूहळू कमी करावयाची तें तिनें, डॉक्टरांनीं व घरानें मिळून ठरवा.’ दुसऱ्या एका बाईंनीं चक्र भलत्याच टप्प्यापासून वाचलें, म्हणून टप्प्यांना १ ते ४ आंकडे घातले. तिसऱ्या गृहस्थांस चष्मा असूनही तीन हातांवरून खालचा मजकूर वाचतां येईना, म्हणून निम्मा मजकूर आम्हींच छाटला. आपण लिहिलेलें छाटणें हें शिक्षकाच्या जिवावर येतें. पण जें वाचलें जात नाहीं तें लिहिलेलेंच नाहीं.

शीर्षकही बदललें. ‘स्वच्छतेचा अतिरेक’ गेलें आणि ‘मंत्रचळ: दिसतें तें पाणी, आंत असतो संशय’ असें आलें. अगदीं तळाशीं, सर्वांत ठळक अक्षरांत, १४४१६ हा आंकडा घातला. हा टेलि-मानस या सरकारी दूरध्वनि-सेवेचा क्रमांक असून ती १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. रात्रंदिवस, विनामूल्य, आणि मराठींतही तेथें बोलतां येतें. फोन केल्यावर काय बोलावें हेंच कित्येकांस सुचत नाहीं, म्हणून आंकड्याशेजारीं पहिलें वाक्यही लिहून दिलें: ‘माझ्या मनांत नको ते विचार पुनःपुन्हां येतात, मला मदत हवी आहे.’

तक्ता वाचनालयाच्या जिन्याजवळ लागला. पहिल्या दिवशीं पुष्कळ लोकांनीं तो पाहिला. बहुतेकांनीं १२५ आकृतींपाशीं थांबून आपल्या नात्यांतील कोणी तरी आठवून एकमेकांकडे पाहिलें. संध्याकाळीं वाचनालय बंद होण्याच्या सुमारास एक प्रौढ बाई जिन्याजवळ उभ्या होत्या. पिशवींत घेतलेलीं पुस्तकें होतीं, तरी त्या जात नव्हत्या. आम्ही दिवे मालवण्यासाठीं गेलों तेव्हां त्यांनीं देवाच्या ओळीवर बोट ठेवून हलक्या आवाजांत विचारलें, “हें दुसऱ्या कोणाला खरोखर होतें का हो?”

आम्हीं सांगितलें, “पुष्कळांस होतें. म्हणून तर लिहिलें.”

त्यांनीं पिशवींतून पेन्सिल काढली, वाचनालयाच्या पावतीच्या पाठीवर तो आंकडा उतरून घेतला, एकदां पडताळून पाहिला, आणि त्या गेल्या. त्यांचें पुढें काय झालें हें आम्हांस ठाऊक नाहीं, व तें विचारणें आमच्याकडे नव्हतें.

हा तक्ता आमच्या त्या विद्यार्थ्याच्या वेळीं शाळेच्या भिंतीवर असता, तर त्याची वही हातांत घेऊन आम्हीं काय केलें असतें, याचा विचार आम्ही अनेकदां करतों. निदान फाटलेल्या पानाकडे पाहून ‘बाळ, हें पान कां फाटलें?’ एवढें तरी विचारलें असतें. आमच्या वाचकांच्या घरांत मुलें आहेत, सुना आहेत, वृद्ध मंडळी आहेत. त्यांपैकीं कोणी तोच प्रश्न दहाव्यांदां विचारील, तीच वस्तु पुन्हां धुईल, किंवा पूजेवरून डोळे पुसत उठेल, तेव्हां हंसण्यापूर्वीं व रागावण्यापूर्वीं त्यांच्याजवळ क्षणभर बसावें आणि मनांत काय येतें तें विचारावें, एवढीच आमची विनंती आहे.